आईचे ठोके एकशे अठ्ठ्याऐंशी

या वर्षीचा कप माझाच होता. स्पर्धा सुरू व्हायच्या आधीपासून माझाच होता! क्लबच्या काचेच्या कपाटातून तो माझ्या घरी यायचा तेवढा बाकी होता. साठीपुढच्या बायकांच्या टेबल टेनिस स्पर्धेत गेली चार वर्षं मी अंतिम सामन्यात पोचतेय आणि चारही वर्षं हरलेय. म्हणजे अंतिम सामन्याचा अनुभव कुणाकडे जास्त? माझ्याकडेच ना!

माझं वय सहासष्ट. डावखुरी आहे. टपाल कचेरीत एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली वीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारण्यात घालवली. मिनिटाला साठ पाकिटं, एकही तिकीट कोरं सुटायचं नाही! अशा मनगटातून सुटलेला चेंडू काय वेगाने जात असेल, तुम्हीच विचार करा. क्लबात मला कुणी नावाने ओळखत नाही. सगळे ठप्पाबाई म्हणतात.

आणि चारही वर्षं मला हरवणारी बाई एकच. भिंत! गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट. तुम्ही चेंडू कोपऱ्यात मारा, परत येतो. पोटात मारा, परत येतो. फिरकी देऊन मारा, तरी तो वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा मुकाट्याने परत येतो. बाई हलताना दिसत नाहीत, घामेजत नाहीत, आणि आपण चुकलो की अशा बघतात, जसं काही आपण फळ्यावर सात गुणिले आठ चोपन्न लिहून बसलोय.

यंदा मात्र मी तयारीत होते. पाच महिने रोज सकाळी दीड तास सराव केला होता. सगळं जुळून आलं होतं. आणि नेमकं तेव्हाच लेकीने ते घड्याळ आणलं!

लेक माझी एकुलती एक. अडतीस वर्षांची. विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्यामुळे जगात कुठे काय वाईट होऊ शकतं याची तिच्याकडे पाठ यादी असते. आमच्यापासून पाच मिनिटांवर राहते आणि दिवसातून सहा वेळा फोन करते. पण तिला हसायचं नाही, कारण तिच्या काळजीला कारण आहे. माझी थोरली बहीण, म्हणजे तिची लाडकी मावशी, दोन वर्षांपूर्वी सकाळी फिरायला गेली आणि बागेतल्या बाकावर बसली ती उठलीच नाही. लेकीने तेव्हापासून मनाशी काहीतरी धरलंय. ती ते बोलत नाही, फक्त फोन करते.

"आई, हे हातात घालायचं. अंघोळीलाही काढायचं नाही," ती म्हणाली. "तुझे ठोके इथे दिसतील आणि मला माझ्या फोनवरही दिसतील."

"म्हणजे माझं हृदय तुझ्या पर्समध्ये?"

"तसंच समज."

घड्याळाच्या पोटाला हिरवा दिवा होता, तो कातडीवर लुकलुकायचा. दर तासाला ते काहीतरी निरोप द्यायचं. उठा, चाला, पाणी प्या, श्वास घ्या. श्वास घ्या! इतकी वर्षं मी काय यांच्या परवानगीची वाट बघत होते?

आमच्या ह्यांना मात्र घड्याळ भलतंच आवडलं. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा हातात पेन्सिल घेऊन वाचतात. पहिल्याच दिवशी माझं मनगट चष्म्यापाशी नेऊन म्हणाले, "ह्रदय लिहिलंय. हृदय हवं. ज्याला हृदय लिहिता येत नाही तो ते मोजणार काय!"

मी हसले. तेव्हा हसले! पुढच्याच आठवड्यात कळलं की माणूस जन्मात एकदा खरं बोलला होता.

झालं असं. सरावाला मी जोरात खेळत होते. दहा मिनिटं झाली असतील नसतील, घड्याळ थरथरायला लागलं. बघते तर आकडा लालभडक! एकशे शहाऐंशी! बॅट टेबलावर ठेवते तोच फोन.

"आई, खाली बस! आत्ताच्या आत्ता बस!"

"अगं, मला काही होत नाहीये."

"मावशीलाही काही होत नव्हतं!"

 बसले. गळ्याला बोटं लावून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले. एकशे चार. लेकीला सांगितलं, तर म्हणते कशी, "तू मोजलेस ना? म्हणजे तुझ्या सोयीने मोजले असशील."

संध्याकाळी घरात बैठक बसली. लेक एका बाजूला, मी एका बाजूला आणि मध्ये हे, अध्यक्ष म्हणून. अध्यक्षांनी तोंड उघडलं नाही. शेवटी ठराव झाला तो असा. माझ्या डॉक्टरांनी एकशे चाळीसपर्यंत खेळायला हरकत नाही असं सांगितलं होतं. तेव्हा लेकीने सूट म्हणून एकशे पन्नासची रेघ आखली. घड्याळ तीन वेळा लाल झालं की बॅट कपाटात आणि कपाटाची किल्ली लेकीकडे. सकाळची एक वेळ आधीच धरलेली!

"आणि कप?" मी विचारलं.

"आई, मला कप नको. तू हवीस."

आता असं कुणी बोलल्यावर माणसाने काय करायचं! मी मुकाट्याने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी शक्कल लढवली. घड्याळ डाव्या हातात, आणि मी खेळते डाव्या हाताने. मग ते उजव्या हातात घातलं, वर मनगटाला रग लागू नये म्हणून पट्टा जरा सैल ठेवला. आणि अशी खेळले, अशी खेळले, की समोरच्या बाईंनी दोनदा पाणी मागितलं! मला धाप लागलेली, कानशिलं तापलेली, आणि घड्याळ म्हणतंय चौसष्ट. चौसष्ट! घामाने ते कोपराच्या दिशेने घसरत होतं आणि माझं हृदय जणू दुपारची झोप काढत होतं. थोड्या वेळाने तर चौसष्टही गेले आणि नुसत्या दोन रेघा उरल्या.

लगेच फोन. "आई! घड्याळ काढून ठेवलंस!"

"हातातच आहे."

"मग तुला ठोके का नाहीत?"

"ते मलाही विचारायचंय!"

हुकूम सुटला. डावाच हात आणि पट्टा घट्ट.

दुसरा लाल शेरा तर खेळतानाही मिळाला नाही. नातवाच्या शाळेत केक न्यायचा होता म्हणून मी अंडी फेटत होते. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी, आरामात गाणं गुणगुणत फेटत होते. आणि घड्याळात एकशे एकाहत्तर! वर निरोप, "शाब्बास! तुम्ही कठोर व्यायाम करत आहात."

फोन आलाच. "आई, तू क्लबात गेलीस?"

"स्वयंपाकघरात आहे. अंडी फेटतेय."

"अंडी फेटताना कुणाचे ठोके एकशे एकाहत्तर होतात?"

"अंड्यांचे झाले असतील!"

तिला विनोद आवडला नाही. दोन शेरे पूर्ण झाले. अंतिम सामना तीन दिवसांवर आला होता आणि समोर होती भिंत. तिच्याशी खेळायचं आणि डावं मनगट हलू द्यायचं नाही, म्हणजे हात खिशात घालून पोहण्यासारखं!

मग सामन्याच्या दिवशी दुपारी मी तो निर्णय घेतला. तुम्ही मला नावं ठेवाल, ठेवा. घड्याळ सोडलं आणि ह्यांच्यापुढे धरलं.

"तुम्ही घाला."

ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही फसवणूक आहे."

"फसवणूक कसली? तुम्ही खुर्चीत शांत बसणार. लेकीला दिसेल, आई शांत. तिचा जीव शांत. माझाही शांत. तीन माणसं शांत होतात त्याला फसवणूक म्हणतात का?"

ह्यांनी वाक्य मनात दोनदा वाचलं असावं. चूक सापडली नाही. हात पुढे केला.

मी का निर्धास्त होते तेही सांगते. आमचे हे म्हणजे शांततेचा पुतळा! लग्नात हार घालताना यांचा चेहरा जसा होता तसाच निवृत्तीच्या समारंभात होता. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि हे मानपत्रातला काना शोधत होते. चाळीस वर्षांत यांना कशासाठी टाळी वाजवताना मी पाहिलं नव्हतं. घड्याळाला याहून सुरक्षित मनगट साऱ्या गावात नव्हतं!

आमच्या क्लबचा हॉल तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. मधोमध हिरवं टेबल, चहूकडे खुर्च्या. चेंडू वाऱ्याने हलू नये म्हणून खिडक्या बंद आणि पंखेही बंद. शंभरेक माणसं दाटीवाटीने बसलेली. माझा फोन माझ्या पिशवीत आणि पिशवी कपडे बदलायच्या खोलीत. ह्यांचा फोन घरी चार्जिंगला. हे पहिल्या रांगेत, हातात माझा टॉवेल.

पहिला गेम मी घेतला. दुसरा भिंतीने. तिसरा भिंतीने. चौथा मी, आणि कसा! पंधरा-तेरा! हॉल नुसता दणाणला. मी टॉवेल घ्यायला वळले आणि पाहिलं तर काय, आमचे हे टाळ्या वाजवत होते!

बोटांवर बोटं टेकवल्यासारख्या नाहीत. दोन्ही तळवे फुटतील अशा! गाल लाल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माझ्या अंगावर काटा आला हो. चाळीस वर्षं साठवलेल्या टाळ्या होत्या त्या! पाचव्या गेमला तर त्यांनी कहरच केला. पॉइंट झाला की टाळ्या, पॉइंट नसला तरी टाळ्या, भिंत चेंडू आणायला गेली की मधल्या वेळात मला धीर द्यायला ताल धरून टाळ्या. मी प्रत्येक टाळीसरशी एकेक इंच उंच होत होते. त्यांच्या मनगटावर काय चाललंय हे त्या वेळी कुणाला सुचणार?

तिकडे लेक कचेरीत बैठकीला बसली होती. समोर फोन. फोनवर आई. आई शंभर. आई एकशे चाळीस. आई लाल. आई एकशे अठ्ठ्याऐंशी, आणि खाली यायचं नावच नाही! तिने मला फोन केला, उचलला नाही. बाबांना केला, उचलला नाही. क्लबच्या कचेरीत केला, पण कचेरीतले सगळे वर हॉलमध्ये सामना बघत होते. मग तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि बैठक तशीच टाकून धावत सुटली.

इकडे पाचवा गेम नऊ-नऊ. पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. भिंत टेबलावर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून दम घेत होती. पहिल्यांदाच! चार वर्षांत पहिल्यांदा भिंतीला घाम फुटलेला मी पाहत होते!

आणि दार धाडकन उघडलं.

"पेशंट कुठाय?"

पुढे एक तरुण डॉक्टरीण, हातात ठोके मोजायचं यंत्र. मागे दोघे जण स्ट्रेचर घेऊन, तीन मजले चढून स्वतःच स्ट्रेचरवर आडवे व्हायच्या बेतात.

"साठीच्या पुढच्या बाई. टेबल टेनिस खेळतायत. ठोके एकशे अठ्ठ्याऐंशी!" डॉक्टरीण ओरडली, आणि तिची नजर टेबलावर ओणव्या झालेल्या घामाघूम बाईवर गेली. पुढच्या क्षणी दोघांनी भिंतीला बखोटीला धरून स्ट्रेचरवर आडवं केलं होतं!

"अहो, मी नाही!" भिंत.

"बोलू नका, त्रास होईल."

"मला काहीही होत नाहीये!"

"सगळे असंच म्हणतात."

"मी चाळीस वर्षं गणित शिकवलंय! सोडा मला!"

अंपायर खुर्चीवरून उठले आणि नियमांचं पुस्तक उंच धरून म्हणाले, "वैद्यकीय कारणासाठी जास्तीत जास्त दहा मिनिटं! घड्याळ सुरू झालंय!"

डॉक्टरिणीने भिंतीच्या गळ्याखाली दोन आणि कुशीत एक असे गोल स्टिकर चिकटवले. यंत्र टिकटिक करू लागलं. एकशे एकोणतीस. ती गोंधळली. मला बोलावलं, मलाही स्टिकर लावले. एकशे चोवीस.

"मग एकशे अठ्ठ्याऐंशी कुणाचे?" तिने विचारलं.

मी बॅटवरची धूळ पुसायला लागले.  पण तेवढ्यात कुणीतरी 'ठप्पाबाई ठणठणीत!' म्हणून ओरडलं आणि आमच्या ह्यांनी आनंदाने पुन्हा टाळ्या सुरू केल्या. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं, लाल झालं. डॉक्टरिणीने ते पाहिलं. सगळ्या हॉलने पाहिलं.

आणि दारात लेक उभी राहिली.

केस सुटलेले, एका हातात बूट. मला बॅट घेऊन उभी पाहिलं आणि तीरासारखी येऊन गळ्यात पडली. "आई... आई गं..." एवढंच. तिचं हृदय माझ्या बरगड्यांवर आपटत होतं. तेव्हा मला माझ्या शहाणपणाची खरीखुरी लाज वाटली. कप, भिंत, नऊ-नऊ, सगळं एका बाजूला राहिलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो हात तिने धरला आणि मनगट पाहिलं. रिकामं.

"घड्याळ कुठाय?"

 हे टॉवेलखाली हात लपवायला लागले, तर टॉवेलखालून गुर्रर्र गुर्रर्र आवाज!

"बाबा?"

"मी आधीच म्हणालो होतो, ही फसवणूक आहे," हे म्हणाले. चाळीस वर्षांचा संसार, आणि पहिल्याच झटक्यात माफीचा साक्षीदार!

मी म्हटलं, "चूक माझी. तुला फसवायला नको होतं. पण बाई, हे घड्याळही तुला फसवतंय. खोटं वाटत असेल तर हिला विचार."

डॉक्टरीण एव्हाना हसत होती. तिने ह्यांना स्ट्रेचरवर बसवलं, स्टिकर लावले. "आजोबा, शांत बसा." यंत्रावर चौऱ्याऐंशी. घड्याळातही चौऱ्याऐंशी. लेकीने माझ्याकडे 'बघ' असं पाहिलं.

"आता वाजवा टाळ्या," डॉक्टरीण म्हणाली.

ह्यांना तेवढंच हवं होतं! घड्याळातला आकडा चढायला लागला. एकशे दहा. एकशे चाळीस. एकशे सदुसष्ट. आणि यंत्र आपलं नव्वदवर निवांत! हॉलमधले लोक आकडे मोठ्याने म्हणायला लागले, "एकशे ऐंशी! एकशे पंच्याऐंशी!" जणू लिलाव चाललाय!

"हे घड्याळ कातडीवर उजेड टाकून खालचं रक्त बघतं," डॉक्टरिणीने लेकीला समजावलं. "माणूस शांत असला की बरोबर सांगतं. हात जोरात हलायला लागला की हलण्याचा ताल आणि ठोके यात त्याची गल्लत होते. पट्टा सैल असला, घाम आला, तर आणखी बिघडतं. मोजायचंच असेल तर छातीचा पट्टा लावा, नाहीतर थांबून बोटांनी नाडी मोजा. तुमच्या आई उत्तम आहेत. तुम्हीच जरा इकडे बसा, तुमचा रंग मला बरा दिसत नाही."

लेक नको नको म्हणत असताना स्टिकर लागलेसुद्धा. यंत्र टिकटिक नाही, टकटकटकटक करायला लागलं. एकशे एकाहत्तर!

"जिन्यात किती वेळा थांबलात?"

"दोनदा," लेक पुटपुटली.

एवढ्यात स्ट्रेचरवरून सुटका झालेली भिंत पुढे आली. पदर नव्हता म्हणून टी-शर्ट खाली ओढून बाईंनी वर्गात उभं राहावं तशी उभी राहिली. "ढोबळ हिशेब. दोनशे वीसमधून वय वजा. आईची मर्यादा एकशे चोपन्न, ठोके एकशे चोवीस. म्हणजे ऐंशी टक्के. मुलीची मर्यादा एकशे ब्याऐंशी, ठोके एकशे एकाहत्तर. म्हणजे चौऱ्याण्णव टक्के." मग लेकीकडे वळून, "बस तू. बॅट कुणाची कपाटात ठेवायची ते आपण नंतर बघू."

हॉल हसण्याने फुटला! लेकही हसली. डोळे पुसत, धापा टाकत हसली. खूप दिवसांनी तिला अशी हसताना पाहिलं मी. मग तिने माझ्या हातातली बॅट सरळ केली आणि म्हणाली, "खेळ, आई."

"दीड मिनिट उरलंय," अंपायर म्हणाले.

आता सांगते ते नीट ऐका, कारण हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते आणि रोज नवं वाटतं! नऊ-नऊ. पहिला पॉइंट माझा. दुसरा भिंतीचा. दहा-दहा. तिसरा माझा, चेंडू टेबलाच्या कडेला असा पुसटसा लागून गेला की अंपायरनी खुर्चीतून उठून कडेला बोट लावून पाहिलं. अकरा-दहा.

मग ती रॅली सुरू झाली. ठप्पा, परत. ठप्पा, परत. भिंत टेबलापासून चार पावलं मागे गेली, माझे ठप्पे तिथून उचलून परत पाठवत होती. लोक मोजत होते, अठरा, एकोणीस, वीस. माझा हात भरून आला होता. पुन्हा एक ठप्पा मारायला मी हात पार खांद्यामागे नेला, भिंतीने आणखी एक पाऊल मागे टाकलं, आणि मी तो चेंडू नुसता शिवला. पाकिटावर तिकीट चिकटवावं तसा, हळूच. तो नेटवरून पलीकडे उतरला, टेबलावर दोन छोट्या उड्या मारल्या आणि थांबला. भिंत पाच पावलांवर उभी. तिने चेंडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बॅट काखेत धरून टाळी वाजवली.

बारा-दहा! कप माझा!

पुढचं सगळं धुक्यात झाल्यासारखं झालं. लोक उभे. हे खुर्चीवर उभे! ॲम्ब्युलन्सचे दोघे स्ट्रेचर कोपऱ्यात टेकवून शिट्ट्या वाजवत होते. ते निघालेच नव्हते, शेवटचे चार पॉइंट बघायला थांबले होते. डॉक्टरीण त्यांना "चला, चला" म्हणत होती आणि स्वतःही हलत नव्हती. मला लाकडी व्यासपीठावर चढवलं. क्लबच्या अध्यक्षांनी कप दिला. भिंतीने माझा हात धरून वर केला. लेक खाली उभी राहून फोटो काढत होती आणि फोटो काढता काढता रडत होती. सहासष्टाव्या वर्षी माणसाला एवढं सुख मिळू नये, ते झेपत नाही.

मला झेपलं नाहीच. कप डोक्यावर धरून मी पायरीने उतरायचं सोडून व्यासपीठावरून सरळ उडी मारली.

उंची फूटभर. उडी झकास. डावा पाय मात्र वाकडा पडला आणि कचकन आवाज आला.

"मोडलेला नाही, मुरगळलाय," डॉक्टरीण माझा घोटा दाबत म्हणाली. "दीड महिना खेळ बंद."

लेकीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, तरी पोरगी एक अक्षर बोलली नाही. तेवढं तिचं मोठेपण मी मान्य करते. त्या दोघांनी मला स्ट्रेचरवर घेतलं. पोटावर कप, बाजूने भिंत माझा एक बूट हातात धरून, मागे हे टाळ्या वाजवत, आणि तिन्ही मजल्यांच्या जिन्यात दोन्ही बाजूंनी माणसं! एखाद्या राणीची स्वारी निघावी तशी मी खाली उतरले.

आता एक विनंती आहे. क्लबात अजून ज्यांना नक्की माहीत नाही, त्यांना मी सांगितलंय की पाय शेवटचा स्मॅश मारताना मुरगळला. शेवटचा चेंडू मी नुसता शिवला होता, हे तुम्हाला मघाशी बोलता बोलता सांगून बसले खरी. ते तेवढं विसरा. कुणी विचारलं तर स्मॅश म्हणा!